टाच टेकविण्याचा इतिहास : चेता-स्नायू विकार असलेल्या मुलांची चाल आणि अस्थिव्यंगोपचार (१७४१ ते २०१६)

प्रस्तावना

मूल उभे राहून पहिली पावले टाकू लागणे हा प्रत्येक कुटुंबातील आनंदाचा प्रसंग असतो. त्यासाठी मराठी घरांत पूर्वापार पांगुळगाडा आणला जात असे. परंतु काही मुले पांगुळगाड्याच्या वयात उभीच राहू शकत नाहीत. काही उशिरा आणि टाचा उचलून चालू लागतात. तर काही मुले चांगली चालू लागल्यानंतर पाच-सहा वर्षांची होता होता आपली चाल हळूहळू गमावू लागतात. अशा मुलांच्या आईवडिलांचा वैद्यकाला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे मूल चालेल का? या प्रश्नाला अस्थिव्यंगोपचारशास्त्राने गेल्या सुमारे पावणेतीन शतकांत कोणकोणती उत्तरे दिली आणि ती का बदलत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू आणि स्नायू यांपैकी कोणत्याही ठिकाणी बिघाड झाल्यास हालचालीवर परिणाम होतो. अस्थिव्यंगोपचारात अशा सर्व विकारांना परंपरेने ‘चेता-स्नायू विकार’ या एकाच गटात धरले जाते. त्यांपैकी पोलिओ, सेरेब्रल पाल्सी आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या तीन विकारांचा येथे विचार केला आहे. पोलिओमध्ये मज्जारज्जूतील प्रेरक पेशी नष्ट होतात, सेरेब्रल पाल्सीमध्ये वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, तर ड्युशेनच्या विकारात प्रत्यक्ष स्नायूच झिजत जातो. कारणे इतकी भिन्न असूनही तिन्ही विकारांत एक लक्षण समान दिसते. मुलाची टाच उचलली जाते आणि ते चवड्यावर चालू लागते. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड कंडरा कापून किंवा लांब करून ती टाच जमिनीला टेकविणे हा या शास्त्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक वेळा योजला गेलेला शस्त्रोपचार होय. एकाच शस्त्रक्रियेने एका मुलाला चाल मिळाली, दुसऱ्याची बिघडली आणि तिसऱ्याची हिरावली गेली. हे का घडले हे समजून घेण्यास लागलेला काळ हाच या शास्त्राच्या प्रगतीचा काळ होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. ‘सरळ मूल’ : एका शास्त्राचा जन्म

‘ऑर्थोपेडिक्स’ या शब्दातच मूल आहे. पॅरिसमधील वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ‘ऑर्थोपेडी’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सरळ आणि मूल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यांनी हे नाव बनविले. ग्रंथ मुख्यतः आईवडिलांसाठी लिहिलेला होता आणि मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याचे व सुधारण्याचे घरगुती उपाय त्यात सांगितले होते. वाकडे वाढलेले कोवळे झाड खुंटाला दोरीने बांधून सरळ करावे, असे एक चित्र त्यात आहे; तेच चित्र पुढे जगभरच्या अस्थिव्यंगोपचार संस्थांचे बोधचिन्ह झाले.

या चित्रात या शास्त्राची दृष्टी आणि मर्यादा दोन्ही सामावलेल्या आहेत. झाड वाकडे का वाढले, हा प्रश्न त्या चित्रात नाही. व्यंग म्हणजे आकारातील दोष आणि उपचार म्हणजे आकार सरळ करणे, ही कल्पना त्यातून रूढ झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्ट्या, लोखंडी सळ्या आणि खास पादत्राणे यांच्या साहाय्याने पावले सरळ करण्याचे प्रयत्न याच कल्पनेवर आधारलेले होते. १७८० साली स्वित्झर्लंडमधील ऑर्ब या गावी झां-आंद्रे व्हेनेल यांनी अशा मुलांसाठी निवासी संस्था स्थापन केली. तेथे उपचाराचा कालावधी महिन्यांत मोजला जात असे.

आखडलेली कंडरा सरळ कापून टाकण्याचा विचार वैद्यांना सुचत नव्हता असे नाही. अडचण जखम चिघळण्याची होती. १८१६ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे झाक-मॅथ्यू डेल्पेश यांनी टाचेची कंडरा कापली; परंतु जखम भरण्यास इतका त्रास झाला, की त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही. १८३१ साली हॅनोव्हर येथील लुई स्ट्रोमेयर यांनी त्वचेला अगदी लहान छिद्र पाडून, बारीक पात्याने आतल्या आत कंडरा कापण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. भूल देण्याचे तंत्र १८४६ मध्ये आणि लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये पुढे आली, हे लक्षात घेतले म्हणजे या लहान छिद्राचे महत्त्व कळते. जखम जवळजवळ बंदच राहत असल्याने ती चिघळत नसे.

२. लिटल : आधी रुग्ण, मग वैद्य

स्ट्रोमेयर यांच्याकडे १८३६ साली आलेल्या रुग्णांत विल्यम जॉन लिटल (१८१०–१८९४) हे लंडनचे एक तरुण वैद्य होते. लहानपणी झालेल्या, बहुधा पोलिओच्या, आजारामुळे त्यांचे एक पाऊल वाकडे झाले होते. शस्त्रक्रियेने ते सुधारले. लिटल यांनी ती पद्धत स्वतः शिकून घेतली, १८३७ मध्ये बर्लिन येथे याच विषयावर प्रबंध सादर केला आणि मायदेशी परतून या शस्त्रक्रियेचा प्रसार केला. १८३८ साली त्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये अस्थिव्यंगोपचारासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली.

लिटल यांच्याकडे येणाऱ्या मुलांत पायात शिथिलता नसून ताठरता असणारी अनेक मुले होती. त्यांचे गुडघे एकमेकांवर घासत, मांड्या कात्रीसारख्या जवळ येत आणि टाचा उचललेल्या राहत. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या आणि १८६२ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी या ताठरतेचा संबंध अवघड व अकाली प्रसूतीशी आणि जन्मवेळी श्वास कोंडण्याशी जोडला. पुढे हा विकार ‘लिटलचा रोग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातांवर ग्रंथ लिहिला. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी मज्जाविकारांचे अभ्यासक असलेले सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मधील ग्रंथात असे सुचविले, की अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भावस्थेतच असलेल्या दोषाचा तो एक परिणामही असू शकेल.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. ज्या शस्त्रक्रियेने लिटल यांचे स्वतःचे पाऊल सुधारले, तीच त्यांनी ताठर मुलांवरही योजली. मूळ बिघाड मेंदूत आहे हे त्यांनी ओळखले होते, तरी कंडरा मेंदूजन्य ताठरतेने ताणली गेली असता आणि स्नायूच्या शिथिलतेमुळे आखडली असता शस्त्रक्रियेचे परिणाम वेगळे होतील, हे स्पष्ट होण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

३. पोलिओचे युग

जर्मन वैद्य याकोब हाइने यांनी १८४० साली मुलांच्या पायांतील लुळेपणाचे पद्धतशीर वर्णन केले आणि १८६० च्या आवृत्तीत त्याचे मूळ मज्जारज्जूत असल्याचे नावातूनच सुचविले. १९०८ मध्ये लँडस्टायनर व पॉपर यांनी हा विकार विषाणुजन्य असल्याचे सिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप व अमेरिकेत पोलिओच्या साथी वारंवार येऊ लागल्या आणि अस्थिव्यंगोपचाराचे स्वरूपच त्यांनी घडविले.

पोलिओमध्ये काही स्नायू लुळे पडतात. मात्र शेजारचे स्नायू शाबूत असतात, संवेदना टिकून असते आणि मेंदूकडून येणारा आदेश अचूक असतो. त्यामुळे शाबूत स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून लुळ्या स्नायूच्या जागी जोडली, तर मूल सरावाने तिचा नवा उपयोग शिकते. १८८० च्या सुमारास कार्ल निकोलादोनी यांनी सुरू केलेल्या या स्थानांतराच्या तंत्राचा पुढील सत्तर वर्षांत मोठा विस्तार झाला. अस्थिर पाऊल स्थिर करण्यासाठी घोट्याखालील तीन सांधे जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये एडविन रायर्सन यांनी मांडली. कॅलिपर, कुबड्या आणि टप्प्याटप्प्याने केलेल्या शस्त्रक्रिया यांच्या आधारे असंख्य मुले चालू लागली.

या काळात दीर्घकाळ प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याला आव्हान देणाऱ्या ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी यांचा उल्लेख टाळता येणार नाही. गरम लोकरी पट्ट्यांचे शेक आणि लवकर सुरू केलेली हालचाल यांचा त्यांनी पुरस्कार केला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. त्यांची कारणमीमांसा वैद्यकाने स्वीकारली नाही, तरी लवकर हालचालीचा त्यांचा आग्रह मात्र टिकला.

पोलिओच्या अनुभवानेच शल्यचिकित्सकांना एक सूचक धडाही दिला होता. मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू लुळा असलेल्या मुलाची टाच थोडी उचललेली असेल, तर शरीराचा भार गुडघ्याच्या पुढून जातो आणि गुडघा आपोआप ताठ राहतो. अशी टाच पूर्णपणे टेकविली तर गुडघा मोडू लागतो आणि ज्याला कॅलिपरची गरज नव्हती त्याला ती पडते. म्हणजेच व्यंग हे काही वेळा शरीराने शोधलेला आधार असतो. हा धडा पुढील दोन विकारांच्या संदर्भात पुन्हा नव्याने शिकावा लागला.

४. उसनी रीत : सेरेब्रल पाल्सी

१२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांच्या लसीची परिणामकारकता जाहीर झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच पाश्चात्त्य देशांतील पोलिओचे प्रमाण झपाट्याने घटले. पोलिओवर घडलेली शल्यचिकित्सकांची पिढी आता सेरेब्रल पाल्सीकडे अधिक प्रमाणात वळली. अमेरिकेत विन्थ्रॉप फेल्प्स यांनी १९३० च्या दशकापासून या मुलांच्या उपचाराला स्वतंत्र स्थान मिळवून दिले होते आणि १९४७ मध्ये या विषयाची स्वतंत्र अकादमीही स्थापन झाली होती. तरीही हाताशी असलेली शस्त्रक्रियेची तंत्रे प्रामुख्याने पोलिओची होती.

येथे उसनी रीत अपुरी पडली. सेरेब्रल पाल्सीत स्नायू लुळा नसतो, त्याला मिळणारा आदेश बिघडलेला असतो. स्थानांतरित केलेला स्नायू चुकीच्या क्षणी किंवा अति जोराने आकुंचन पावू शकतो. टाचेच्या कंडरेबाबत तर परिणाम अधिक गंभीर झाले. चालताना पोटरीचा स्नायू नडगीला पुढे झुकण्यापासून आवरून धरतो. कंडरा प्रमाणाबाहेर लांब झाली की हा आवर सुटतो, नडगी पुढे झुकते, गुडघे वाकतात आणि मूल दबून, बसके चालू लागते. वयाबरोबर वजन व उंची वाढली की ही बसकी चाल अधिक थकविणारी होते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी टाच टेकलेली पाहून समाधान वाटे. नुकसान मात्र किशोरवयात उघड होई.

याशिवाय शस्त्रक्रिया एकेका सांध्यावर वेगवेगळ्या वर्षी केल्या जात. या वर्षी टाच, पुढील वर्षी गुडघ्यामागील कंडरा, त्यानंतर कंबरेचा सांधा, असा हा क्रम चाले. दर वेळी प्लास्टर, अशक्तपणा आणि शाळेतील खंड ठरलेला असे. प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात काढावा लागणाऱ्या या मुलांच्या स्थितीला टोरांटो येथील बालअस्थिशल्यचिकित्सक मर्सर रँग यांनी ‘वाढदिवसाचा आजार’ असे उपरोधिक नाव दिले. एका शल्यचिकित्सकानेच आपल्या व्यवसायाच्या रीतीला आजार म्हणावे, ही बाब इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगी आहे.

५. चालीचे मोजमाप

या अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्ग चालीच्या मोजमापातून सापडला. एकोणिसाव्या शतकात मायब्रिज व मारे यांनी छायाचित्रांद्वारे हालचालींचा अभ्यास केला होता. अमेरिकेत जॅकलिन पेरी, डेव्हिड सदरलँड आणि पुढे जेम्स गेज यांनी कॅमेरे, जमिनीवरील दाब मोजणाऱ्या पट्ट्या आणि स्नायूंतील विद्युत्‌क्रिया नोंदविणारी साधने यांचा उपयोग उपचाराचा निर्णय घेण्यासाठी केला. पेरी यांनी पोलिओच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम केले होते, हे विशेष. गेज यांचा सेरेब्रल पाल्सीतील चाल-विश्लेषणावरील ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता दोष मूळचा आहे आणि कोणता शरीराने भरपाई म्हणून स्वीकारला आहे, हे वेगळे करणे या मोजमापामुळे शक्य झाले. त्यातून सर्व आवश्यक शस्त्रक्रिया एकाच वेळी करून त्यानंतर दीर्घ फिजिओथेरपी देण्याची पद्धत रुजली. १९९० च्या दशकात बोटुलिनम विषाच्या अल्प मात्रेच्या इंजेक्शनने ताठरता तात्पुरती कमी करणे शक्य झाले आणि लहान वयातील शस्त्रक्रिया पुढे ढकलता येऊ लागली.

त्याहूनही मूलगामी बदल प्रश्नाच्या मांडणीत झाला. १९९७ मध्ये पॅलिसानो व कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींचे पाच स्तरांत वर्गीकरण केले. पहिल्या स्तरातील मूल आधाराशिवाय चालते, तिसऱ्या स्तरातील मूल हातात आधार धरून चालते, तर पाचव्या स्तरातील मुलाला ने-आण करण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. २००२ मध्ये ओंटारिओ प्रांतातील ६५७ मुलांच्या अभ्यासातून असे दिसले, की हालचालीच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के भाग मुले वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत किंवा त्याआधीच गाठतात. त्यामुळे ‘मूल चालेल का?’ या प्रश्नाला अंदाजाऐवजी आधार असलेले उत्तर देता येऊ लागले. हे उत्तर प्रत्येक वेळी सुखद नसते. परंतु आशेच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या निष्फळ शस्त्रक्रियांपासून ते मुलाला वाचवू शकते.

६. ड्युशेनचा विकार : उचललेल्या टाचेचा अर्थ

एडवर्ड मेरियॉन यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभी आणि गियोम ड्युशेन यांनी १८६१ व १८६८ मध्ये वर्णन केलेला हा विकार प्रायः मुलग्यांना होतो. त्यात पोटऱ्या फुगीर दिसतात. मात्र स्नायू दुबळे होत जातात. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येते, हे विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये नोंदविलेले लक्षण आजही निदानाची पहिली खूण आहे. विशिष्ट औषधांअभावी ही मुले साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालण्याची क्षमता गमावतात.

या मुलांच्या टाचाही उचललेल्या असतात. मांडीचा स्नायू दुबळा झाल्यावर मूल पोट पुढे काढून आणि चवड्यावर उभे राहून शरीराचा भार गुडघ्याच्या पुढे ठेवते. त्यामुळेच ते उभे राहू शकते. अशा अवस्थेत केवळ टाच टेकविण्यासाठी कंडरा लांब केली आणि गुडघ्याला कॅलिपरचा आधार दिला नाही, तर मूल त्या दिवसापासून चालणे थांबवू शकते. १९६२ मध्ये स्पेन्सर व व्हिग्नोस यांनी यावर विचारपूर्वक मार्ग सुचविला. स्वतंत्र चाल संपत आल्याच्या वेळीच कंडरा सोडवावी आणि लगेच मांडीपर्यंतचे कॅलिपर देऊन मुलाला उभे करावे, असा तो मार्ग होता. यामुळे आधाराने चालण्याचा काळ काही वर्षांनी वाढविता आला. १९६८ मध्ये सीगेल व सहकाऱ्यांनी यासाठी त्वचेखालून कंडरा कापण्याची स्ट्रोमेयर यांच्या वळणाचीच पद्धत पुन्हा वापरली. आता मात्र हेतू रुग्णाला प्लास्टरमध्ये फार काळ न ठेवता त्वरित उभे करणे हा होता.

१९८० च्या दशकात फ्रान्समधील ईव्ह रिदो यांनी याउलट अगदी लहान वयात, चाल चांगली असतानाच शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कार केला. या मताची परीक्षा लंडनमधील मन्झूर, दुबोवित्झ व सहकाऱ्यांनी चिठ्ठीपद्धतीने दोन गट पाडून केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लवकर केलेल्या शस्त्रक्रियेचा शक्तीला वा कार्यक्षमतेला लाभ आढळला नाही. दरम्यान १९८७ मध्ये डिस्ट्रोफिन या प्रथिनाचा अभाव हे विकाराचे कारण असल्याचे उघड झाले होते आणि १९८९ मधील चाचणीने प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा स्नायूंच्या शक्तीवर होणारा लाभ दाखविला. चाल टिकविण्याचे मुख्य साधन आता शस्त्राऐवजी औषध ठरले.

७. मुंबईचा अनुभव

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिव्यंगोपचार रुग्णालय उभे राहिले. १९५३ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. तिच्यामागेही पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाची निकड होती. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अली येथेच अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेणारी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केली. या संस्थेने चालण्याआधी शाळा हा क्रम मान्य केला. मूल चालू लागण्याची वाट पाहत त्याचे शिक्षण थांबविले नाही.

भारतातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पाश्चात्त्य देशांत जे स्थित्यंतर १९६० च्या दशकात झाले ते येथे अर्धशतक उशिरा पूर्ण झाले. त्यामुळे पोलिओच्या काळात घडलेली दृष्टी सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला जशीच्या तशी लावण्याचा धोका आपल्याकडे अधिक काळ राहिला आहे. कायद्यातील भाषाही या संदर्भात बोलकी आहे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते आणि सेरेब्रल पाल्सी हालचालविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत समाविष्ट होती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी यांना स्वतंत्र नावे मिळाली. आकाराने सारख्या दिसणाऱ्या व्यंगांमागील कारणांचा भेद अशा रीतीने कायद्यानेही नोंदविला.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अस्थिव्यंगोपचाराची सुरुवात आकार सरळ करण्याच्या ध्येयातून झाली आणि तंत्र कारणांच्या ज्ञानाच्या पुढे धावले. दुसरी, एका विकारात यशस्वी ठरलेली रीत दुसऱ्या विकारात वापरली गेली तेव्हा नुकसान बहुधा लगेच न दिसता वर्षांनी दिसले. म्हणून दीर्घकालीन नोंदी आणि निष्पक्ष चाचण्या यांशिवाय या शास्त्राला आपली चूक कळू शकली नाही. तिसरी, उचललेली टाच हे एका मुलात व्यंग, तर दुसऱ्यात उभे राहण्याचा एकमेव आधार असू शकते, हे ओळखण्यातच उपचाराचे खरे कौशल्य आहे.

आईवडिलांचा प्रश्न आजही तोच आहे. मात्र त्याचे प्रामाणिक उत्तर देण्यापूर्वी वैद्यकाला आता बिघाड नेमका कोठे आहे, चाल कोणत्या वयापर्यंत टिकेल आणि तिच्यासाठी मुलाला बालपणाची किती वर्षे द्यावी लागतील, हे पाहावे लागते. खुंटाला बांधलेल्या झाडापासून इथवर येण्यास या शास्त्राला पावणेतीन शतके लागली. त्यातील बराचसा काळ तंत्र शोधण्यापेक्षा ते कोठे वापरू नये हे शिकण्यात गेला, असे म्हणावे लागते.